कालनिर्णयावरचे खाडे

बऱ्याच दिवसांनी टंकायला बसलोय. मधले तीन-चार महिने वीकांत म्हणजे पुणे-जालना, जालना-पुणे एवढंच होतं. शुक्रवारी रात्री बस पकडायची, पहाटे अंबड चौफुलीला डोळे चोळत उतरायचं, आणि रविवारी रात्री पुन्हा तीच बस, तोच ड्रायव्हर, तोच पिक्चर. असो.

तर झालं असं, की २०२५ च्या मे महिन्यात आजी न्हाणीघरात पाय घसरून पडली. वय ८२. खुब्याचं हाड मोडलं. छत्रपती संभाजीनगरला नेऊन ऑपरेशन केलं, ते नीट झालं, आणि १ जूनला तिला जालन्याला घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, आता खरं काम घरी. उठवणं, बसवणं, कुशीवर वळवणं, वॉकर धरून चार पावलं चालवणं. आईला स्वतःला पाठीचं दुखणं, तिला वजन उचलायला सक्त मनाई. बाबा ६५ चे. मी पुण्यात, हिंजवडीत, आमच्या क्लायंटच्या तावडीत.

मग मी तेच केलं, जे आपल्या पिढीतला कुठलाही कर्तव्यदक्ष नातू करतो. लॅपटॉप उघडला. :-)

अर्ध्या तासात एक ब्युरो सापडला. मोठ्या शहरात ऑफिस, जालन्यातही माणसं पाठवतात म्हणाले. (नाव सांगत नाही. का ते पुढे कळेल.) २४ तासांची मावशी, रोजचे ९०० रुपये, पैसे महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ, बिल व्हॉट्सॲपवर. जूनचे २७,०००, जुलैचे २७,९००. मी यूपीआयने भरले आणि फार मोठं काम केल्यासारखा हुश्श करून डब्यातली भाजी संपवली. टीममधल्या एकाला म्हणालोसुद्धा, 'होम केअर लावलंय, आता टेन्शन नाही.'

टेन्शन नव्हतंच. मला.

जुलैच्या शेवटच्या वीकांताला घरी गेलो. चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरात उभा होतो, आणि सहज भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे लक्ष गेलं. आमच्या घरी दुधाचे, पेपरचे आणि धुणंभांड्याच्या बाईचे खाडे कालनिर्णयावर लिहायची पद्धत आहे. तुमच्याकडेही असेल. पण बाबा पडले जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त मास्तर. त्यांचं कालनिर्णय म्हणजे हजेरीपट. जून-जुलैच्या चौकटींत लाल पेनाने काही ठिकाणी फुली होती आणि काही ठिकाणी अर्धवर्तुळ.

"बाबा, हे काय?"

"फुली म्हणजे मावशी आलीच नाही. अर्धं म्हणजे दिवसा होती, रात्री नव्हती."

मी मोजल्या. दोन महिन्यांत ९ फुल्या, १२ अर्धी.

"मला सांगितलं का नाही?"

"त्या मॅडमना दोनदा फोन केला होता. बघते म्हणाल्या. आणि तू तिकडे कामात... उगीच डोक्याला ताप."

मी तिथेच बिलाची पीडीएफ उघडली. ६१ दिवस, एकही खाडा नाही. खाली 'रिप्लेसमेंट चार्ज' १,५०० रुपये आणि 'कन्झ्युमेबल्स' २,३४० रुपये. म्हणजे डायपर आणि हातमोजे, जे बाबा स्वतः कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणत होते आणि ज्याच्या पावत्या त्यांनी (मास्तरच ते) तारेला ओवून ठेवल्या होत्या. बिल पुण्याला येत होतं आणि मावशी जालन्यात येत नव्हती. दोन्ही गोष्टी एकत्र बघणारं घरात कुणी नव्हतं.

इथून पुढे माझ्यातला इंजिनियर जागा झाला. एक्सेल उघडलं. ब्युरोच्याच दरपत्रकानुसार नुसत्या दिवसाचे ५५०, म्हणजे न आलेल्या रात्रीचे ३५० रुपये परत. हिशोब असा:

९ खाडे, दर ९०० प्रमाणे: ८,१००
१२ रात्री, दर ३५० प्रमाणे: ४,२००
न बदललेल्या मावशीचा रिप्लेसमेंट चार्ज: १,५००
न दिलेल्या वस्तू: २,३४०
एकूण: १६,१४० रुपये

ब्युरोच्या ॲपवर तक्रार टाकली. लगेच उत्तर आलं. 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. ४८ तासांत संपर्क करू.' संपर्क कुणी केला नाही. पाचव्या दिवशी मेसेज आला: 'आपली तक्रार यशस्वीपणे सोडवली आहे.'

मंडळी, इथे मला एक कबुली द्यायची आहे. तो मेसेज वाचून मला राग आला, पण त्याआधी एक सेकंद ओळखीचं वाटलं. कारण मी प्रॉडक्शन सपोर्टमध्ये आहे आणि हे असले मेसेज लिहिणं हे माझं काम आहे. आमच्याकडे नियम आहे, युजरला तीनदा विचारायचं, उत्तर नाही आलं तर तिकीट बंद. शुक्रवारी संध्याकाळी डॅशबोर्ड हिरवा दिसला पाहिजे. मी स्वतः अशी शेकडो तिकिटं बंद केली असतील. पलीकडे कुणाची आजी आहे का, असा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

दुसऱ्यांदा तक्रार टाकली, या वेळी फोनही केला. कोऑर्डिनेटर मॅडम अगदी गोड बोलल्या. "सर, तुम्ही बरोबर आहात. त्या बाईवर ॲक्शन घेते. तिच्या पगारातून कापते आणि तुम्हाला क्रेडिट देते. चालेल?"

आता खरं सांगतो. माझ्या तोंडात 'चालेल' आलं होतं. पैसे परत, दोषीला शिक्षा, तिकीट बंद. पण बाबा शेजारी बसले होते आणि फोन स्पीकरवर होता. त्यांनी हातानेच 'थांब' केलं.

"तिला विचार तरी," ते म्हणाले. "हजेरी मांडली म्हणून गैरहजेरीचं कारण कळत नाही. मी तीस वर्षं पोरांची हजेरी घेतली आहे."

मावशी बदनापूरकडच्या एका खेड्यातली. विचारल्यावर आधी घाबरली. मग हळूहळू सांगितलं. ९ पैकी ५ दिवस तिची मुलगी तापाने आजारी होती आणि तिने ब्युरोला आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं. त्या पाचही दिवसांचा पगार ब्युरोने आधीच कापला होता. उरलेले ४ दिवस आणि त्या १२ रात्री तिला ब्युरोनेच जालन्यातल्या दुसऱ्या पेशंटकडे पाठवलं होतं. "मॅडम म्हणल्या, तिकडं लै अर्जंट हाय, या घरी आम्ही सांगतो." इकडे कुणी सांगितलं नाही. आणि आम्ही देत असलेल्या ९०० पैकी तिला रोजचे मिळत होते ४५०.

म्हणजे एकाच बाईचे तेच तास दोन घरांना विकले होते. आणि मी 'चालेल' म्हणालो असतो, तर त्याचा दंडही तिनेच भरला असता.

त्या रात्री परतीच्या बसमध्ये झोप लागली नाही, म्हणून ग्राहक संरक्षण कायदा वाचायला घेतला. (हो, माझे वीकांत असेच रोमांचक असतात.) यातलं बरंच मला ठाऊक नव्हतं, तुमच्यापैकी काहींनाही नसेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे ग्राहक चळवळीची मुळं मराठी मातीतलीच. १९७० च्या दशकात पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. पुढे २४ डिसेंबर १९८६ ला पहिला ग्राहक संरक्षण कायदा झाला, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन. सध्या लागू आहे तो २०१९ चा कायदा, २० जुलै २०२० पासून.

त्यात 'सेवा' कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे आणि दोन गोष्टी त्यातून वगळल्या आहेत. एक, फुकट दिलेली सेवा. दुसरी, वैयक्तिक सेवेचा करार, म्हणजे मालक आणि नोकर असं नातं. १९९५ साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सुप्रीम कोर्टाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, तेव्हा हाच फरक उलगडून सांगितला होता. साध्या भाषेत: तुम्ही मावशीला थेट स्वतः कामावर ठेवलंत, तर तिच्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. पण ब्युरोमार्फत घेतलीत, पैसे ब्युरोला दिलेत, तर सेवा देणारा ब्युरो. उत्तर द्यायचं ते त्याने. बाबांनी हात वर करून फोनवर जे थांबवलं, ते कायद्यालाही तसंच दिसतं.

आणखी काही कामाच्या गोष्टी. बिल किंवा पावती न देणं आणि सदोष सेवेचे पैसे ठरलेल्या मुदतीत (मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत) परत न करणं, या दोन्हींना कायद्याने 'अनुचित व्यापारी प्रथा' म्हटलं आहे. तक्रार आपण जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, कंपनीचं ऑफिस असेल त्या गावी जायला लागत नाही. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं. जानेवारी २०२५ पासून ई-जागृती नावाचं पोर्टल आहे, त्यावर घरबसल्या दाखल करता येते. आणि त्याच्याही आधीची पायरी म्हणजे १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. मराठीत बोलता येतं. ते तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवतात. ते कोर्ट नाही, हुकूम देऊ शकत नाहीत, पण नोंद राहते आणि नोंदीला माणसं घाबरतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. 'ग्राहक' म्हणजे फक्त पैसे भरणारा नाही. त्याच्या संमतीने जो ती सेवा घेतो, तोही ग्राहक. थोडक्यात, यूपीआय माझं असलं तरी कायद्याच्या दृष्टीने आजी स्वतः ग्राहक होती.

हे वाचून मी बसमध्ये सरळ उठून बसलो. इतके दिवस मी ब्युरोशी भांडत होतो, बाबांना विचारलं, मावशीला विचारलं, एक्सेलचे तीन टॅब केले. ज्या बाईसाठी हे सगळं, तिला कुणी विचारलंच नव्हतं.

पुढच्या शनिवारी सकाळी आजीच्या खाटेशेजारी खुर्ची ओढून बसलो. मोसंबीचा रस तिच्या हातात दिला आणि विचारलं, "आजी, तुझी तक्रार काय आहे?"

"माझी कशाची तक्रार? सगळं करता की तुम्ही."

"ज्या रात्री मावशी नव्हती, त्या रात्री काय व्हायचं?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पडून राहायची सकाळपर्यंत."

"बाबांना हाक नाही मारायचीस?"

"मारली की पहिल्या रात्री. आला बिचारा उठून. पण लेकरा, आपलं वल्लं लुगडं आपल्या लेकानं बदलावं, हे मला नाही रे सोसत. अन् तुझ्या आईची पाठ तशी. मग नाहीच मारली हाक. संध्याकाळी पाणीच प्यायचं नाही म्हणलं, म्हणजे उठायला लागत नाही."

१२ रात्री. माझ्या शीटमध्ये ती ओळ होती, '१२ × ३५० = ४,२००'. त्या ओळीत ही बाई तहानलेली पडून होती.

पाठीच्या खाली तिला एक लालसर डाग पडला होता. डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, वेळेवर आलात, हे बेडसोअरच्या अगदी सुरुवातीचं आहे, अजून कातडी फाटलेली नाही. दर दोन तासांनी कूस बदला. मी मान डोलावली. सोमवारी पुण्याला हापिसात बसणाऱ्या माणसाला मान डोलावणं सोपं असतं.

मग पत्र नव्याने लिहिलं. जुन्या ईमेलमध्ये मी 'अत्यंत बेजबाबदार', 'धक्कादायक' वगैरे बरीच विशेषणं वापरली होती, ती सगळी काढली. दीड पान मराठीत. काय ठरलं होतं, काय झालं, तारखा. सोबत कालनिर्णयाच्या दोन पानांचे फोटो, मेडिकलच्या पावत्या, यूपीआयच्या नोंदी, बाबांनी मॅडमना केलेल्या फोनचे दिवस, डॉक्टरांची चिठ्ठी. मागण्या तीन: १६,१४० रुपये परत, यातला एक रुपयाही मावशीच्या पगारातून कापणार नाही असं लेखी, आणि रात्री कुणी येणार नसेल तर संध्याकाळी ५ च्या आत घरी फोन. १५ दिवसांची मुदत. त्यानंतर जिल्हा आयोगात जाऊ. खाली सही माझी नाही, आजीची. थरथरती, पण पूर्ण नाव. एक प्रत ईमेलने, एक स्पीड पोस्टाने. १९१५ ला नोंद करून तो नंबरही पत्रात टाकला.

सहाव्या दिवशी मालकांचा फोन. "साहेब, १०,००० घ्या आणि विषय मिटवा. आणि तेवढं फाइव्ह स्टार..." मी म्हटलं, तक्रारदार आजी आहे, तिला विचारून सांगतो. पलीकडे क्षणभर शांतता. बहुतेक त्यांना वाटलं मी भाव वाढवतोय.

अकराव्या दिवशी १६,१४० रुपये जमा झाले. सोबत पगार न कापण्याबद्दल दोन ओळींचा मेल. मावशीला विचारून खात्री केली, खरंच नव्हता कापला. आणि त्या रविवारी कोऑर्डिनेटर मॅडम स्वतः घरी आल्या. मला वाटलं होतं चाळिशीची कुणी खमकी बाई असेल. पंचवीसेक वर्षांची मुलगी निघाली. एकटी किती घरं सांभाळते विचारलं तर म्हणाली, ४०. आमच्या सपोर्ट टीमसारखंच की, मला वाटून गेलं.

आजीने आधी तिला चहा पाजायला लावला. मग म्हणाली, "बाई, रातच्याला कुणी येणार नसंल तर नका पाठवू. पण सांगा. सांगितलं म्हंजे माणूस तयारीत राहतं. मी संध्याकाळपासून दाराकडं बघत बसायची."

ती मुलगी काही बोलली नाही. डायरीत काहीतरी लिहिलं. 'सॉरी आजी' म्हणाली, आणि या वेळी ते टेम्प्लेट वाटलं नाही.

ऑगस्टच्या मध्यापासून रात्रीसाठी वेगळी मावशी आली. दोनदा ती येणार नव्हती, दोन्ही वेळा पाचच्या आधी फोन आला. त्या दोन्ही रात्री आत्या येऊन झोपली. पाठीवरचा डाग गेला. दिवाळीत आजी वॉकर धरून तुळशीपर्यंत गेली. अजून जिन्याचं नाव काढत नाही.

ब्युरोचं नाव का लिहीत नाही, हे आता कळलं असेल. माझी तक्रार मिटली आहे. मिटली असं मी नाही, आजीने सांगितलं. शिवाय मला खात्री आहे की हे एका ब्युरोपुरतं नाही. आपल्यासारखे हजारो जण बाहेरगावी बसून गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांसाठी पैसे पाठवतात. बिल एका शहरात, खाट दुसऱ्या गावात, आणि मधल्या जागेत काय होतं ते दोघांनाही दिसत नाही.

तेव्हा तुमच्या घरी असं कुणी ठेवलं असेल, तर फुकटचा सल्ला. करार लेखी घ्या, त्यात खाड्याचे पैसे कसे वळते होणार ते लिहून घ्या. खाडे भिंतीवर मांडा आणि बिल आलं की भरायच्या आधी त्या भिंतीचा फोटो मागवा. मावशीला किती मिळतं, ते एकदा विचारा. आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलंय त्याला, बाकीचे खोलीत नसताना, रात्र कशी जाते ते विचारा.

माझ्यापुरतं म्हणाल तर फार काही बदललेलं नाही. शुक्रवारी डॅशबोर्ड हिरवा लागतोच. फक्त तिसऱ्यांदा उत्तर आलं नाही तर तिकीट बंद करायच्या आधी आता एक फोन करतो. लीड वैतागतो. परवा असाच फोन केला तर पलीकडची बाई म्हणाली, प्रॉब्लेम आहेच, पण तुमच्या मेलमधल्या लिंकवरून उत्तरच जात नाहीये.

आता दर रविवारी रात्री घरी फोन लावतो. बाबा कालनिर्णयावरून आठवड्याची हजेरी वाचून दाखवतात. मग फोन आजीकडे जातो. ती आधी मला विचारते, जेवलास का. मग मी तिला विचारतो, पाणी प्यायलीस का.